४+४ जीबी, खरी ८ जीबी की जुना आयफोन ११? रॅम भरली की कोण काय मारतं ते बघा आधी

मागच्या महिन्यात रावेरला मामेभावाच्या केळीच्या बागेत उभा होतो, तो मोबाईलवर पिकाचा फॉर्म भरत होता, गट नंबर, क्षेत्र, लागवडीची तारीख सगळं टाकून झालं, शेवटी फोटो काढायला कॅमेरा उघडला, फोटो निघाला, बरोबरची खूण दाबली आणि ॲप परत पहिल्या पानावर, सगळं कोरं. असं तीनदा झालं. उन्हात स्क्रीन दिसत नाही, बोटाला चीक लागलेला, आणि तो म्हणे, "काय करून राह्यला भो हा फोन, बिघडला का?" फोन धड होता, रॅम, म्हणजे चालू ॲप ठेवायची जागा, भरली होती. आता त्याला नवा घ्यायचाय आणि समोर तीन पर्याय आहेत: डब्यावर "४+४" लिहिलेला नवा अँड्रॉइड, खरोखरची ८ जीबी रॅम असलेला अँड्रॉइड, नाहीतर सेकंडहँड आयफोन ११.

रॅम कमी पडली की मागची ॲप बंद करणं हे अँड्रॉइडही करतं आणि आयफोनही करतो, त्यात चूक काही नाही, फरक आहे तो आधी कोणाचा नंबर लागतो यात. अँड्रॉइड प्रत्येक ॲपला एक आकडा देतं, समोर उघडलेल्याला ०, मागे गाणं वाजवत असलेल्याला २००, होमस्क्रीनला ६००, नुकतंच सोडलेल्या ॲपला ७००, आणि बाकी नुसत्या पडून असलेल्यांना ९०० च्या पुढे. मोठा आकडा आधी जातो. म्हणजे कॅमेरा उघडला की फॉर्मचं ॲप ७०० वर जाऊन बसतं आणि कॅमेरा तर रॅम खाण्यात एक नंबर. घरच्या घरी ओळखायची खूण सांगतो, होम बटण दाबल्यावर आयकॉन एकेक करून उगवत असतील तर होमस्क्रीनसुद्धा मारली गेलीय, मग ७०० वाल्याचं काय झालं असेल ते समजून घ्या. भावाच्या फोनवर अगदी हेच दिसत होतं.

आता ४+४. यातले दुसरे ४ म्हणजे रॅम नाही, स्टोरेजचा, म्हणजे फोटो-व्हिडिओ साठवायच्या जागेचा तुकडा आहे. मागच्या ॲपचा डेटा तिकडे लिहून ठेवतात, त्यामुळे ॲप लगेच मरत नाही हे खरं, पण परत उघडताना तो डेटा तिकडून वाचावा लागतो आणि स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी हळू, स्वस्त फोनमध्ये तर जास्तच. व्हॉट्सॲप आणि बातम्या एवढंच असेल तर चालून जाईल, कॅमेरा आणि नकाशा एकदम लागत असेल तर फोन अडखळणार. रॅममधलाच डेटा दाबून लहान करायची सोय अँड्रॉइडमध्ये वेगळी असते, ती मात्र कामाची.

आयफोन ११ ला ४ जीबीच रॅम आहे, तरी तो कमी अडतो, कारण मागे गेलेलं ॲप तो लगेच झोपवतो, रॅम कमी पडली की ॲपला आधी सूचना देतो आणि तरी भागलं नाही तर मारतो. स्टोरेजची उसनी रॅम ॲपलने २०२२ मध्ये आयपॅडओएस १६ पासून एम१ चिपवाल्या काही आयपॅडला दिली, आयफोनला नाही. पण एक त्रास आहे, मोठा व्हिडिओ अपलोडला लावून फोन खिशात टाकला की बरीच ॲप अर्ध्यात थांबतात, आणि २०१९ चा फोन म्हणजे बॅटरी तपासूनच घ्यावी लागेल. शिवाय आयफोनवर एखादं ॲप ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं तर समोर उघडं असलं तरी बंद होतं.

अँड्रॉइडमध्ये अजून एक भानगड आहे, काही कंपन्या बॅटरी वाचवायच्या नावाखाली रॅम रिकामी असतानाही ॲप मारतात. त्यासाठी अलीकडच्या ॲपच्या यादीत कामाचं ॲप लॉक करा आणि बॅटरी सेटिंगमध्ये त्याला "अनरिस्ट्रिक्टेड" करा, बऱ्याच फोनमध्ये या दोन्ही सोयी मिळतात.

माझं म्हणणं स्पष्ट आहे, ज्या ॲपने स्वतः कॅमेरा बोलावलाय आणि फोटोची वाट बघतंय त्याला फोनने सगळ्यात शेवटी हात लावावा. आणि मारलंच तर स्क्रीनवर एक ओळ दाखवा की रॅम कमी पडली म्हणून बंद केलं, नाहीतर माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. ॲप बनवणारेही यात आले, अँड्रॉइड ॲपला मागे टाकताना भरलेलं थोडं सेव्ह करायची संधी देतं, गट नंबर आणि तारीख त्यात सहज मावते, ते न करणाऱ्यांमुळे शेतकरी उन्हात तीनदा फॉर्म भरतो.

भावाला मी ८ जीबीवालाच सांगितलाय, त्याला शेतात फॉर्म आणि नकाशा दोन्ही लागतं. शनिवारी जळगावला दुकानात जाऊ तेव्हा आधी चार-पाच ॲप उघडणार, मग कुठलाही फॉर्म अर्धा भरून कॅमेरा चालू करणार, फोटो काढून मागे येणार, आणि लिहिलेलं जागेवर असेल तरच पैसे देणार.