इंग्रजी सरावाचं ॲप, अकरा महिने: व्याकरण पास, माइक नापास (मध्ये एक दुरुस्ती आहे, तीही वाचा)

मंगळवारी सकाळी ॲप अपडेट झालं आणि दोनशे बारा दिवसांची साखळी, म्हणजे रोज न चुकता केलेल्या सरावाची मोजणी, शून्यावर आली. मुलीने फोन माझ्यासमोर धरला, बोलली काहीच नाही. नववीतली मुलं आरडाओरडा करतात तेव्हा बरं असतं, गप्प बसली की भीती वाटते. त्याच दिवशी ठरवलं, आता लिहायचंच. वार्षिक वर्गणी संपायला एक महिना उरलाय आणि पैसे आपोआप कापून पुढच्या वर्षाची वर्गणी भरून घेण्याची जी सोय त्यांनी केली आहे, ती बंद कुठून करायची हे मला कालपर्यंत सापडत नव्हतं. सेटिंगच्या तिसऱ्या पानावर, सगळ्यात खाली, फिकट अक्षरांत आहे.

ॲपमध्ये काय काय आहे ते इथे आलेल्यांना माहीत असणारच. व्याकरणाचे धडे, उच्चारासाठी माइक, उतारे. त्यात वेळ घालवत नाही.

आधी ग्राहक सेवा. साखळी गेल्याचं मी मेलने कळवलं, स्क्रीनचे फोटो जोडले. दोन दिवसांनी उत्तर आलं, त्यात वाक्य होतं: "वुई विल रिव्हर्ट बॅक टू यू." व्याकरण शिकवणाऱ्यांकडून! 'रिव्हर्ट'मध्ये मागे जाणं आलंच, वर आणखी 'बॅक' कशाला? आणि उत्तर द्यायला 'रिप्लाय' हा साधा, सरळ शब्द आहे की. मुलगा सहावीत आहे. तो म्हणाला, "आई, हे वाक्य ॲपलाच तपासायला दे ना." दिलं. ॲपने 'बॅक'खाली लाल रेघ ओढली. तो फोटोसुद्धा मी त्यांना पाठवला. त्यावर मात्र उत्तर नाही.

चौथ्या मेलनंतर कळलं की एका खात्यावर एकच विद्यार्थी असा नियम आहे आणि नव्या अपडेटनंतर तो काटेकोरपणे पाळला जातो. आता इथे माझी बाजू थोडी लंगडी आहे. मी दोन मुलांना एका खात्यावर बसवलं होतं. दुसऱ्या खात्याचे वेगळे पैसे, आणि मुलं तरी एका वेळी कुठे बसतात? सकाळी तो, संध्याकाळी ती. त्यामुळे ॲपला दिसणारा विद्यार्थी असा: सकाळी 'अ' की 'ॲन' यात अडखळतो आणि संध्याकाळी पॅसिव्ह व्हॉइस धडाधड सोडवतो. मग ते मुलीला 'चाइल्ड'चं अनेकवचन विचारायचं आणि मुलापुढे 'नो सूनर... दॅन' टाकायचं. तीन महिने मी ज्याला त्याला सांगत होते की या ॲपची पातळी ठरवण्याची रीत भिकार आहे. ते विधान मागे घेते. ॲप बिचारं माझ्या काटकसरीचा अर्थ लावत बसलं होतं.

व्याकरणात मला मनापासून आवडलेली एक गोष्ट म्हणजे रिपोर्टेड स्पीच, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगणं. आपण मराठीत म्हणतो, "तो म्हणाला की मी उद्या येतो." यातला 'मी' कोण? तोच. मराठीत 'की' लावला तरी मूळ बोलणं जसंच्या तसं ठेवता येतं, पुरुष हलत नाही, काळ हलत नाही. इंग्रजीत 'दॅट' आला की घरातलं सगळं सामान इकडचं तिकडे: 'आय'चा 'ही', 'विल'चा 'वुड', 'टुमॉरो'चा 'द नेक्स्ट डे'. माझी मुलगी वर्षभर "ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो" लिहीत होती. शिकवणीत मिळालेला बदलांचा तक्ता तोंडपाठ होता, तरीही. चूक तक्त्यातली नव्हतीच. ती मनात मराठीत बोलत होती आणि मराठीत ते वाक्य बरोबर आहे. ॲप आधी वाक्य सोडवूच देत नाही. कोण बोललं, कोणाला, आणि हे सांगणारा आता कुठे उभा आहे, एवढं विचारतं आणि मग शब्द एकेक करून सरकवायला लावतं. चौथ्या दिवशी ती तक्त्याकडे न बघता लिहायला लागली.

'सिन्स' आणि 'फॉर'चंही तसंच. 'सोमवारपासून' आणि 'दोन वर्षांपासून', आपला 'पासून' दोन्हीकडे चालतो. इंग्रजीत पहिल्याला 'सिन्स', दुसऱ्याला 'फॉर', शिवाय 'राहतो'चं 'हॅव बीन लिव्हिंग' करायचं. हा धडाही चांगला बेतलाय. फक्त रिपोर्टेड स्पीचच्या धड्यात "द टीचर सेड दॅट द अर्थ मूव्ह्ज राउंड द सन" इथे मुलीने 'मूव्ह्ड' लिहिलं तर नुसता लाल ठिपका, कारण काही नाही. कायम खरी असणारी गोष्ट वर्तमानकाळात ठेवायची ही परीक्षेतली ठरलेली अपेक्षा, ती एका ओळीत सांगायला काय जात होतं?

आता माइक. यावर मी घरात इतकं बोलले आहे की मुलं कानात बोटं घालतात.

उच्चाराच्या सरावात 'व्हेट' आणि 'वेट' अशी जोडी येते. व्ही-वाला म्हणजे गुरांचा डॉक्टर, डब्ल्यू-वाला म्हणजे ओला. मुलीला दोन्हींवर लाल. मुलाला दोन्हींवर लाल. मी म्हटलं, आण इकडे, मी कॉलेजात इंग्रजी नाटकात काम केलंय. मलाही लाल. सतरा वेळा. रात्री सगळे झोपल्यावर मी आरसा घेऊन बसले आणि ॲपमधलं तोंडाचं चित्र नीट पाहिलं. 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे आणि हवा घासत बाहेर सोडायची, ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. 'डब्ल्यू'ला दातांचं कामच नाही. शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ गोल करायचे आणि मग उघडायचे. आपला 'व' या दोन्हींच्या मधला. दात ओठाजवळ जातात, पण घासत नाहीत. म्हणजे मी आयुष्यभर एकाच 'व'वर दोन अक्षरांचा संसार केला.

त्यात आपली लिहिण्याची रीत आगीत तेल ओतते. 'व्हॅन' आपण 'व्ह' काढून लिहितो, 'वॉटर' साध्या 'व'ने. इथवर ठीक. पण मग 'व्हॉट' आणि 'व्हेन' यांनाही आपण 'व्ह'च लावतो आणि ते तर डब्ल्यूचे! मुलाच्या पुस्तकात प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलने देवनागरी उच्चार लिहायची सवय मीच लावली होती. त्याच्या लेखी 'व्हेट' आणि 'व्हेन' एकाच घरातले. पेन्सिल आता काढून घेतली आहे. ॲपमधली ती उच्चाराची चिन्हं, त्यातला उलटा 'ई', मला सुरुवातीला उगाच शायनिंग वाटायची. तो उलटा 'ई' म्हणजे जवळपास आपला साधा, जोर न दिलेला 'अ', हे कळल्यावर राग गेला. 'फोटोग्राफ' म्हणताना जोर शब्दाच्या पहिल्या तुकड्यावर, 'फटॉग्रफी' म्हणताना दुसऱ्यावर, आणि जिथून जोर निघून जातो तिथला स्वर असा विरघळून 'अ' होतो. हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

तर आरशाच्या रात्री मला हिरवा ठिपका मिळाला. मुलांना उठवणार होते, आवरलं. पण दुसऱ्या दिवशी संशय आला. "द ग्रेप्स ग्रो ऑन अ व्हाइन" हे वाक्य मी मुद्दाम शेवटी 'वाइन' म्हणून वाचलं, ओठ चांगले गोल करून. हिरवा! तोच शब्द एकटा तसाच म्हटला तर लाल. शेवटी 'टेबल' म्हटलं तेव्हा मात्र पकडलं. म्हणजे पूर्ण वाक्य असलं की यंत्र आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधतं आणि आपली चूक स्वतःच सांभाळून घेतं. माणसाने असं केलं तर त्याला चांगुलपणा म्हणू, परीक्षकाने करून कसं चालेल? आणि हे लोक 'वाक्यवाचन 94 टक्के' असा शेरा देऊन पोरांना खूश करतात.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. पुढचं तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

माइकबद्दल मी जे बोलले त्यातलं निम्मं परत घेते. परवा फोन हातातून पडला, कव्हर फुटलं. कव्हर न लावता मुलगी सरावाला बसली आणि 'थिंक', 'सिंक', 'फिफ्थ' यांवर एकामागून एक हिरवे ठिपके. ते कव्हर मी स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं होतं, त्याच्या खालचं भोक माइकवर नीट बसतच नव्हतं. स, फ, जिभेचं टोक दातांत धरून काढायचा तो 'थिंक'मधला आवाज, हे सगळे नुसत्या हवेच्या घर्षणाचे नाजूक आवाज आत पोचत नव्हते. आठ महिने आम्ही कव्हरवर बोलत होतो. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' मात्र कव्हर काढूनही मुलाला लालच, तेव्हा तो दोष त्याचा आणि माझा. पूर्ण वाक्यातला लाड अजून तसाच आहे, त्याला कव्हर जबाबदार नाही.

लेखी परीक्षेत उच्चाराला गुण कुठे, मग पैसे का घालवायचे, असं मला बहिणीने विचारलं. मलाही आधी तेच वाटायचं. पण 'ॲन अवर' आणि 'अ युनिव्हर्सिटी' यांत अक्षर बघून लिहाल तर दोन्ही चुकतील, तिथे कान लागतो. मुलगा आता मोठ्याने म्हणून बघतो आणि मग लिहितो. ॲपमध्ये मात्र आर्टिकलचा धडा एका टोकाला आणि उच्चार दुसऱ्या टोकाला, दोघांची एकमेकांशी ओळखच नाही.

उताऱ्यांबद्दल फार लिहावंसं वाटत नाही, कारण तिथे फार काही नाही. उतारे बरे आहेत, पण प्रश्न सगळे पर्यायवाले. मुलाने पंधरा दिवसांत युक्ती शोधली: ज्या पर्यायात उताऱ्यातले जास्तीत जास्त शब्द तेच दिसतात, तो दाबायचा. दहापैकी आठ. उतारा वाचलाच नाही. परीक्षेत "व्हाय डिड द बॉय रिटर्न?" असं विचारलं की पूर्ण वाक्य लिहावं लागतं, 'डिड रिटर्न'चं 'रिटर्न्ड' करावं लागतं आणि तिथे याची गाडी अडते. मी आता पर्यायांवर पोस्टकार्ड धरते आणि उत्तर कागदावर लिहायला लावते, जुन्या छापील कागदांच्या कोऱ्या बाजूवर. त्यात ॲपचा वाटा फक्त उतारा पुरवण्याचा.

तारे द्यायचे तर आधी दोन देणार होते, आता साडेतीन. अर्धा देता येत नाही म्हणून तीन, कारण साखळी अजून आलेली नाही. पुढच्या वर्षी घ्यायचं तर मुलीसाठी एकटीसाठी घेणार, आणि मुलाला त्या वेळी आरसा आणि ताईची जुनी वही. तो म्हणतो हा अन्याय आहे. काल ग्राहक सेवेचं पाचवं उत्तर आलं: तपासून कळवतो. या वेळी 'बॅक' नव्हतं.