कंपोस्ट आणा, लाल माती तिथेच राहू द्या

बायपासकडच्या एका नर्सरीतून गेल्या पावसाळ्याआधी मी लाल मातीच्या सहा गोण्या, कंपोस्टच्या दोन आणि एक मोगरा आणला. मोगरा ठणठणीत आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

गेले होते जास्वंदीसाठी. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. फोटो बघून काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘‘आंटीजी, काली मिट्टी में कुछ नहीं होता, निकलवा दो.’’ जन्म इंदूरात गेला माझा. याच मातीत पूर्वी गहू-हरभरा नुसत्या पावसाच्या ओलीवर निघायचा, हे मला ठाऊक होतं. तरी गोण्या घेतल्या! भाव १८० रुपये गोणी, रिक्षाभाडं वेगळं.

कुंडीपुरतं त्याचं अगदीच चुकलं नव्हतं. निव्वळ काळी माती कुंडीत घातली तर ओली असताना चिकट गोळा होते आणि वाळली की आक्रसून काठ सोडते. मग पुढचं पाणी कडेनंच बुडातून पळतं. पण मला मागच्या अंगणातला वाफा भरायचा होता.

गोणी फोडल्यावर हाताला खरखर लागली. काचेच्या दोन बरण्या घेतल्या, एकीत लाल माती, दुसरीत अंगणातली काळी, वर पाणी, आणि खळखळून ठेवल्या. लाल बरणीतलं जवळजवळ सगळं मिनिटाभरात तळाशी बसलं. काळीचं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही गढूळ. म्हणजे ‘लाल माती’ हा चाळलेला मुरूम! पाणी आणि खत धरून ठेवतो तो बारीक चिकण कण, तो त्यात जवळपास नाहीच. लोहामुळे रंग लाल दिसतो, पण तेवढ्यानं झाडाचं पोट भरत नाही. वाफ्याच्या अर्ध्या भागात ती घातली होती, तिथली रोपं ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी बारालाच माना टाकायची.

दोन्ही मातींची ढेकळं भिजवून परातीत ठेवली होती, तिथे एक कुंभारीण माशी आली. काळ्या ढेकळावर बसून तोंडानं मटाराएवढी गोळी वळली, उडाली, पाच मिनिटांत परत. मीटरच्या पेटीमागे तिचं घर चाललं होतं. लाल ढेकळावर एकदाच उतरली, चाचपलं आणि सोडून दिलं. मला बरणी लागली, तिला तेवढीही नाही. उन्हाळ्यात याच काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसात तिथून आमचा जाडा बेडूक बाहेर येतो. वरची माती भेगांत पडते, पावसानं जमीन फुगून मिटते. नांगराशिवाय नांगरणी.

जास्वंदीचं दुखणं चुनखडीचं निघालं. सुक्या काळ्या मातीवर व्हिनेगर टाकलं तर फसफसलं. अशा मातीत लोह असतं, पण मुळांना उचलता येत नाही. उपाय त्याच नर्सरीत होता आणि त्यांनी तो सुचवला नाही: कंपोस्ट. त्यांचं कंपोस्ट मात्र खरंच छान आहे. काळंभोर, भुसभुशीत, पावसाळ्यातल्या रानाचा वास, न कुजलेली काडी नाही. दोन टोपल्या काळ्या मातीत मिसळून जास्वंदीच्या बुडाशी घातल्या, दिवाळीपर्यंत नवी पानं हिरवी आली. इंदूरच्या माणसाला हे कोणी सांगावं लागू नये. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या शेतीसंशोधकांनी १९२४ ते १९३१च्या काळात इथेच काडीकचरा, शेण, गोमूत्रानं भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते उलथत तीन महिन्यांत खत करायची रीत बसवली. जगभर तिला ‘इंदूर पद्धत’च म्हणतात.

उरलेल्या गोण्या परत करायला गेले, तर ‘‘खुली बोरी वापस नहीं होती.’’ बांधलेल्या तीनही घेतल्या नाहीत. शेवटी कपडे वाळत घालायच्या दोरीखाली पसरल्या. पावसात तिथे आता पाय घसरत नाही.