पॉलिसी राउटिंग आणि ओएसपीएफ एकाच राउटरवर: काही महिन्यांच्या वापरानंतर

लिनक्सवर एफआरआर (राउटिंगचं सॉफ्टवेअर), दोन अपलिंक (बाहेर जाणाऱ्या लिंक), आत ओएसपीएफ (आतल्या राउटरांना एकमेकांकडून रस्ते शिकवणारा प्रोटोकॉल), बाहेर बीजीपीकडून (बाहेरच्या नेटवर्कशी रस्त्यांची देवाणघेवाण करणारा प्रोटोकॉल) फक्त डिफॉल्ट रूट, म्हणजे नेमका रस्ता नसेल तेव्हाचा. शिवाय बॅकअपचं ट्रॅफिक दुसऱ्या लिंकने जावं म्हणून सोर्स पत्ता पाहून रस्ता ठरवणारी एक पॉलिसी. ओएसपीएफ-बीजीपीबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, नेबर (शेजारचे राउटर) जोडले जातात आणि टिकतात. डोकं खाल्लं ते त्या एका पॉलिसीने.

राउटिंग टेबल खरं बोलतं, पण त्याला विचारतंय कोण? लिनक्स आधी ‘आयपी रूल’ (कुठलं टेबल पाहायचं ते सांगणारे नियम) क्रमाने तपासतो, आणि मुख्य टेबलाचा नंबर लागतो ३२७६६ वर. त्याआधीच्या नियमाने पॅकेट उचललं की ओएसपीएफने शिकलेला रस्ता पाहिलाच जात नाही. म्हणून तक्रार आली की मी टेबल उघडत बसत नाही. पॅकेट कुठल्या रस्त्याने जाईल ते सांगणाऱ्या ‘आयपी रूट गेट’ कमांडला सोर्स पत्ता आणि पॅकेट आत येणारा इंटरफेस, दोन्ही देतो. नुसतं डेस्टिनेशन दिलं तर राउटरच्या स्वतःच्या ट्रॅफिकचं उत्तर मिळतं, आणि ते हमखास दिशाभूल करतं.

पॉलिसीच्या टेबलात सहसा एकच डिफॉल्ट रूट असतो. त्यामुळे शेजारच्या सबनेटला जाणारं पॅकेटही बाहेरच्या लिंकवर ढकललं जातं. यावर उत्तम इलाज म्हणजे पॉलिसीच्या आधी मुख्य टेबल पाहणारा एक नियम, ‘सप्रेस_प्रीफिक्सलेंग्थ ०’ लावून. मुख्य टेबलातला नेमका रूट सापडला तर तो वापरला जातो, डिफॉल्ट मात्र दुर्लक्षिला जातो. ओएसपीएफचं शहाणपण शाबूत राहतं, पॉलिसीला उरलेलं मिळतं. बीजीपीने पूर्ण टेबल घेत असाल तर मात्र ही युक्ती अंगाशी येते: प्रत्येक पत्त्याला नेमका रूट सापडतो आणि पॉलिसी शोभेची होते.

ट्रेसराउटमध्ये (पॅकेटचा रस्ता दाखवणारं साधन) तेच दोन हॉप, म्हणजे वाटेतले राउटर, आलटून पालटून दिसले तर समजावं की पॉलिसी शेजारच्या राउटरकडे पाठवतेय आणि त्याचा ओएसपीएफ तेच पॅकेट परत करतोय. टीटीएल (पॅकेटला उरलेल्या हॉपची मोजणी) संपेपर्यंत हा खेळ चालतो. पॉलिसीचा नेक्स्ट हॉप शक्यतो थेट अपलिंकचाच असावा.

आरपी_फिल्टर (पॅकेटच्या सोर्सकडे परत जाणारा रस्ता तपासणारी लिनक्सची सेटिंग) तर छुपा रुस्तम. उत्तर दुसऱ्या लिंकने आलं की १ वर असलेला फिल्टर ते गुपचूप टाकून देतो. टीसीपीडंपमध्ये (पॅकेट टिपून दाखवणारं साधन) पॅकेट आत येताना दिसतं, पुढे जाताना नाही. ‘ऑल’ आणि इंटरफेस यांतली मोठी किंमत लागू होते, त्यामुळे ‘ऑल’मध्ये ० लिहून काही साधत नाही, २ (सैल तपासणी) लिहावं लागतं.

एक कटकट अजून आहे. मध्ये स्विच असेल तर पलीकडचा गेटवे मेला तरी लिंक वरच राहते. ओएसपीएफ नेहमीच्या ४० सेकंदांच्या डेड इंटर्व्हलनंतर (नेबरकडून काहीच ऐकू न आल्यास तो मेला असं समजण्याची मुदत) दुसरा रस्ता धरतो, स्थिर नेक्स्ट हॉपची पॉलिसी मात्र तिथेच पॅकेट ओतत राहते. त्यासाठी गेटवेवर पाळत ठेवून रूट काढणारी स्क्रिप्ट लावली आहे. रूट निघाला की शोध पुढच्या नियमावर जातो. बॅकअप मुख्य लिंकवर कधीच येऊ द्यायचा नसल्याने त्या टेबलात मोठ्या मेट्रिकचा (म्हणजे कमी प्राधान्याचा), पॅकेट नाकारणारा ‘अनरीचेबल’ डिफॉल्टही ठेवला आहे.