एडीएएस चांगलं, पण डिस्प्ले? क्लस्टर, टचस्क्रीन आणि एचयूडीची पारख

एडीएएस म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या सिस्टिम. त्यात अडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीनुसार वेग जुळवणारं) आणि लेन सेंटरिंग (गाडी लेनच्या मधोमध ठेवणारं) एकत्र चालतात ती लेव्हल 2. इथे रस्त्यावर लक्ष ठेवायचं काम पूर्णपणे चालकाचंच. म्हणून डिस्प्ले चांगला की वाईट हे ठरवताना आम्ही एवढंच पाहतो: सिस्टिमला आत्ता काय दिसतंय आणि तिने काम कधी सोडलं, हे एका नजरेत कळतं का?

बहुतेक क्लस्टर, म्हणजे स्टिअरिंगमागचे मीटरचे पडदे, इथेच मार खातात. पट्टे पुसट झाले, वळण जास्त आलं किंवा मावळतीचं ऊन थेट कॅमेऱ्यात शिरलं की लेन सेंटरिंग सुटतं, क्रूझ मात्र चालूच राहतं. बऱ्याच गाड्यांत तेव्हा स्टिअरिंगचं हिरवं चिन्ह करडं होतं, बस्स. वेग तोच, आवाज नाही. हात ढिले असतील तर गाडी पट्ट्यावर गेल्यावरच लक्षात येतं. सुटताना वेगळा टोन आणि स्टिअरिंगला थरथर देणारी गाडी निवडा. टेस्ट ड्राइव्हमध्ये हे मुद्दाम तपासा.

क्लस्टरवरचं पुढच्या गाडीचं चित्र शोभेसाठी नसतं. समोर वाहन आहे आणि पडद्यावर रस्ता रिकामा, तर वाट न पाहता ब्रेक दाबा. जास्त वेगात असताना पुढे थांबलेलं वाहन अनेक सिस्टिम धरत नाहीत. काही डिस्प्ले शेजारच्या लेनमधल्या गाड्याही दाखवतात. सिस्टिमने धरलेली, म्हणजे जिच्याशी ती वेग जुळवते ती गाडी वेगळ्या रंगात नसेल तर त्या गर्दीचा उपयोग शून्य.

सगळं मधल्या टचस्क्रीनवर ढकलणारी मांडणी आम्हाला अजिबात पटत नाही. ताशी 100 किमी वेगात 2 सेकंद नजर हटली की गाडी 55 मीटर पुढे गेलेली असते.

पुढच्या काचेवर माहिती दाखवणारा हेड-अप डिस्प्ले (एचयूडी) सर्वांत सरस. साध्या एचयूडीची प्रतिमा डोळ्यांपासून साधारण 2 ते 3 मीटरवर दिसते, त्यामुळे नजर रस्त्यावरून फारशी खाली येत नाही. आधी सीट लावा, मग प्रतिमेची उंची. वेग, धरलेली गाडी आणि लेनची स्थिती एवढंच ठेवा, गाण्यांची नावं बंद करा. पोलराइज्ड गॉगलमधून मात्र प्रतिमा फिकट होते, कधी दिसतच नाही.

पुढची काच बदलताना एचयूडीचीच काच मागा. तिच्यातला मधला थर पाचरीसारखा असतो, साध्या काचेत आकडे दुहेरी दिसतात. कॅमेरा काचेमागे असेल तर त्याचं कॅलिब्रेशन (नेम पुन्हा अचूक जुळवणं) झाल्याचा रिपोर्ट घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.