व्हर्मीरच्या मुलीवरून पोर्ट्रेट शिकायचं तर हा स्कॅन कितपत कामाचा?

हेगच्या (नेदरलँड्स) माउरित्सहाउस संग्रहालयातलं डच चित्रकार व्हर्मीरचं ‘मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी’ (सुमारे १६६५) हायरॉक्स कंपनीने मायक्रोस्कोपखाली टिपलं. १० अब्ज पिक्सेलचा तो स्कॅन नेटवर फुकट बघता येतो. तैलरंगातलं पोर्ट्रेट शिकायला नमुना अव्वल आहे, फक्त झूम जपून करा. शिकणारे पापणीजवळ जातात आणि तीनशे-साडेतीनशे वर्षांचे तडे रंगवत बसतात. आधी चित्र तळहाताएवढं लहान करून, डोळे किलकिले करून बघा. उजेड कुठे संपतो तेवढंच टिपा.

कॅनव्हास मूळ मापाचा घ्या, ४४.५ × ३९ सेंमी. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबरने (गडद तपकिरी) सावल्या बसवा. इथे आयव्हरी ब्लॅक नको. तो फार सावकाश वाळतो आणि वरचा थर पुढे तडकतो. अंबर लवकर वाळतो, पावसाळी हवेत मात्र त्यालाही वेळ द्यावा लागतो. जवसाचं तेल वरच्या थरांत, खाली नाही.

त्वचेला टायटॅनियम व्हाइट, यलो ओकर (मातकट पिवळा) आणि थोडा व्हर्मिलियन (शेंदरी लाल) पुरतो. चेहरा खडूसारखा दिसू लागला की पांढरा जास्त झालाय असं समजा, ओकर वाढवा. उजेडाचा रंग जाड, सावलीचा पातळ.

स्कॅनचं खरं मोल नाकाशी कळतं. नाकाचा दांडा आणि तिचा उजवा गाल यांच्यामध्ये रेघच नाही, दोन्ही उजेडात मिसळलेत. तिथे रेघ ओढली की चेहरा कापून चिकटवल्यासारखा वाटतो. मोत्यालाही बाह्यरेषा नाही, अडकवायला कडीसुद्धा नाही: वर डावीकडे पांढऱ्याचा एक जाड फटकारा, खाली कॉलरचा मऊ उजेड. ओठांच्या कोपऱ्यातला ठिपकाही बघा. तो १९९४च्या साफसफाईत उघडा पडला.

रंगांच्या बाबतीत स्कॅनवर फार विसंबू नका. पार्श्वभूमी स्क्रीनवर ठार काळी दिसते. मुळात तो हिरवा पडदा होता, त्याचे नीळ आणि पिवळ्या वनस्पतीरंगाचे थर विटले. आजची छटा हवी तर अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर मिसळा. ट्यूबमधला काळा तिथे भोकासारखा दिसतो.

मोबाइलवर हा स्कॅन उघडू नका, आकारांचं प्रमाण हातातून निसटतं. लॅपटॉप हवा, शेजारी मूळ मापाची प्रिंट हवी, आणि स्क्रीनचा उजेड कॅनव्हासवरच्या दिव्याएवढाच ठेवावा.