कास-ठोसेघर की वाई-लिंब? आधी घरातल्या गुडघ्यांना विचारा

"दाजी, रविवारी सगळे येतोय. एका दिवसात काय काय होईल?"

मेहुण्याचा हा फोन दर पावसाळ्यात येतो. यादी तयारच असते: कास, ठोसेघर, सज्जनगड, वाई, महाबळेश्वर आणि जमलंच तर प्रतापगड. मी यादी ऐकून घेतो आणि एकच विचारतो, गाडीत कोण कोण आहे? सासूबाई आहेत की नाहीत, धाकटं किती वर्षांचं आहे, कुणाला घाट लागतो का. साताऱ्यातून सहलीला निघणाऱ्याने एक दिवस एक दिशा एवढं पाळलं, तर बाकीचं निभावून जातं. पश्चिमेचा डोंगर म्हणजे कास-ठोसेघर आणि उत्तरेचा कृष्णाकाठ म्हणजे वाई-लिंब हे एकाच दिवसात उरकणारे लोक मला माहीत आहेत. त्यांच्या फोटोंत बघावं तेव्हा गाडीची काच असते.

पश्चिमेला जायचं ठरलं तरी तिथेही एक फाटा आहे, आणि तोच पुष्कळांच्या लक्षात येत नाही. साताऱ्याच्या बोगद्यापाशी रस्ते फुटतात. एक यवतेश्वरच्या घाटाने कासकडे चढतो, दुसरा सज्जनगड, ठोसेघर आणि पुढे चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडे जातो. नकाशात दोन्ही ठिकाणं शेजारी दिसतात, पण कास बघून ठोसेघरला जायचं तर बहुतेकांना परत खाली यावं लागतं. दोन्ही होतात, पण मग जेवण गाडीत होतं.

कासबद्दल माझं मत जरा कडू आहे, ते आधीच सांगून टाकतो. पठार अप्रतिम आहे यात वाद नाही. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, त्यात पावसाचं पाणी साचतं आणि एवढ्याशा आधारावर सीतेची आसवं, तेरडा, गेंद, सोनकी, कवळा असे एकामागून एक गालिचे उमलतात. कवळ्याच्या फुलाला सगळे मिकी माऊस म्हणतात, आणि मुलांना तेवढं एकच नाव लक्षात राहतं. 2012 साली पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर कासचंही नाव युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. तेव्हापासून सप्टेंबरातला रविवार म्हणजे जत्रा. ऑनलाइन नोंदणी करावी लागते, गाडी लांब लावावी लागते, आणि फुलं ठरलेल्या वाटेवरूनच बघायची असतात. ते योग्यच आहे, नाहीतर एवढ्या पायांखाली काही उरलं नसतं. पण पाच वर्षांच्या पोराला हे पटत नाही. त्याला फुलात पळायचं असतं आणि आपण दिवसभर "अरे तिकडे नको" म्हणत राहतो. शिवाय फुलं गुडघ्याच्याही खाली असतात. उभ्याने बघितलं तर रंगाचा पट्टा दिसतो, खरी मजा वाकून बघण्यात आहे. ज्यांना वाकवत नाही त्यांची निम्मी सहल वाया जाते.

म्हणून कास मधल्या वारी करावं, नाहीतर करूच नये. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत फुलांचा हंगाम असतो आणि दर आठवड्याला पठाराचा रंग बदलतो. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. तिचं साल असेल तर मात्र शाळा बुडवून जा, गुरुजी रागावणार नाहीत.

सज्जनगड-ठोसेघर ही जोडी मला जास्त सोयीची वाटते, कारण दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत आणि मधे गडावर जेवण होतं. साताऱ्याहून गड पंधराएक किलोमीटर. गाडी बरीच वर जाते, तिथून पुढे दोनेकशे पायऱ्या. आमची आई त्या चढते, पण मधे तीनदा बसते, आणि प्रत्येक वेळी "मी दमले नाही, वारा खातेय" असं सांगते. वर समर्थ रामदासांची समाधी आहे आणि समाधीवर राममंदिर. समर्थ 1682 साली इथेच गेले. दुपारच्या प्रसादाच्या पंगतीला बसलं की मुलंही गप जेवतात, घरी भाजी बाजूला काढणारी सुद्धा. माकडं मात्र फार धीट, हातात पिशवी दिसली की तिचा मालक बदललाच समजा. गडाच्या टोकाला धाब्याच्या मारुतीपर्यंत चालत जा. खाली उरमोडी धरणाचं पाणी पसरलेलं दिसतं आणि वारा असा की टोपी खिशात ठेवावी लागते.

तिथून ठोसेघर. धबधबा समोरच्या गॅलरीतून बघायचा, आणि तेवढंच करायचं. खाली उतरायची हौस कुणाला असेल तर त्याला गाडीतच बसवून ठेवा. भर पावसात दरीत धुकं भरलं की धबधबा नुसता ऐकू येतो. आम्ही एकदा अर्धा तास धुकं बघून, भजी खाऊन परतलो होतो. पाऊस ओसरत आल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात गेलात तर पाणीही असतं आणि दिसतंही. उन्हाळ्यात या बाजूला यायचं तर गडासाठी या, धबधब्यासाठी नको.

आता उत्तर बाजू. इथे कुणी "वाव" म्हणत नाही, म्हणून ती यादीत खाली असते. मला विचाराल तर म्हातारी माणसं आणि लहान मुलं एका गाडीत असतील तेव्हा हीच.

सकाळी महामार्गावरून लिंबला वळायचं, बारा मोटेची विहीर बघायला. सातारच्या भोसले घराण्यातल्या वीरूबाईंनी ती अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधून घेतली. वरून बघितलं तर शिवलिंगाचा आकार, रुंद दगडी जिना, आणि विहिरीच्या पोटातच छोटा महाल. एकाच वेळी बारा मोटा चालायच्या, म्हणून हे नाव. मोट म्हणजे काय हे मुलांना तिथेच सांगता येतं: बैल धावेच्या उतारावरून खाली जायचे, नाडा म्हणजे जाड दोर ताणला जायचा, चामड्याची मोट वर यायची आणि पाणी थारोळ्यात, म्हणजे कुंडीत, ओतलं जायचं, तिथून पाटाने आमराईला. माझ्या भाच्याने विचारलं, मग बैल मागे कसे यायचे? उलटे चालत. त्यानंतर तो गाडीपर्यंत उलटा चालत आला. विहिरीच्या काठावर मात्र लहानांचा हात सोडू नका. पायऱ्या उतारवयातल्या माणसांना सावकाश जमतात, आणि नाही उतरलं तरी वरूनही बरंच दिसतं.

मग वाई. ढोल्या गणपतीच्या मूर्तीपुढे मुलं थबकतातच, तिचा आकारच तसा आहे. पण त्यांना देवळाच्या मागे घेऊन जा. हे देऊळ 1762 साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलं आणि मागची भिंत माशासारखी निमुळती ठेवली, म्हणजे कृष्णेला पूर आला की पाणी भिंतीवर आपटण्याऐवजी दोन्ही बाजूंनी फाकून जातं. पुराच्या दिवसांत घाट पाण्याखाली जातो, तेव्हा हे प्रत्यक्ष कळतं. अर्थात तेव्हा सहलीला जाऊ नये, ते वाईकरांना बघू द्यावं.

वाईपासून मेणवली जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आणि मागे चंद्रकोरीसारखा घाट. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा इकडे आल्या, त्यातली एक घाटावरच्या देवळात टांगलेली आहे. आमच्या आईला घाटावर नुसतं बसायला आवडतं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही एवढं बरोबर घ्यायचं, सावली बघून बसायचं. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं, चप्पल बघून घाला. ज्यांच्याकडे आणखी तासभर आहे त्यांनी धोमला जावं, तिथल्या देवळात कुंडातल्या कासवाच्या पाठीवर नंदी बसलेला आहे. लहानांना तो घंटेपेक्षा जास्त आवडतो.

या बाजूला एक मोह आवरायचा: वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला जाण्याचा. "आलोच आहोत तर" म्हणून वर गेलात की लांब सुट्ट्यांत संध्याकाळ गाड्यांच्या रांगेत जाते.

गाडी नसेल तर हिशोब बदलतो. साताऱ्याहून वाईला एसटी भरपूर, पुढे मेणवलीला रिक्षा मिळते. सज्जनगडालाही एसटी जाते. लिंबची विहीर आणि कास मात्र आपलं वाहन असल्याशिवाय खटपटीचं काम आहे.

औंध या तुलनेत बसत नाही, पण सांगून ठेवतो. साताऱ्याच्या पूर्वेला पंचेचाळीसेक किलोमीटर, टेकडीवर यमाईचं देऊळ आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभारलेलं वस्तुसंग्रहालय. राजा रविवर्म्याची चित्रं आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प एका छोट्या गावात टेकडीवर बघायला मिळतं. चित्रांत रस असलेली दहा वर्षांपुढची पोरं असतील तर ऐन उन्हाळ्यातही हे चालतं, कारण आत छप्पर आहे. लहानांना नेऊ नका, "हात लावू नको" हे वाक्य कासपेक्षाही जास्त वेळा म्हणावं लागतं.

या वर्षी मेहुण्याचा फोन आला तेव्हा गाडीत सासूबाई होत्या, सहा वर्षांचा भाचा होता आणि घाट लागणारी वहिनी होती. मी लिंब-वाई सांगितलं. तो थोडा हिरमुसला, फुलांचे फोटो मित्रांना दाखवायचे होते. परतताना अंधार पडायला अवकाश होता म्हणून मी त्यांना माहुलीला नेलं, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर. तिथे सातारच्या थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. खंड्याने महाराजांना वाघापासून वाचवलं अशी आठवण सांगतात. भाच्याने घाट, घंटा, गणपती सगळं बाजूला ठेवून पुण्यापर्यंत एवढंच विचारलं, की वाघ किती मोठा होता.