३९,००० रुपये आणि 'एस्टिमेट' छापलेली चिठ्ठी

आधीच सांगते, मी अडाणी नाही. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या सात छोट्या वर्कशॉपचे हिशेब मी अकरा वर्षं घरून बघते. रोज दुसऱ्यांची बिलं तपासते. जीएसटी नंबर नसलेलं बिल कुणी आणलं की "ही काय किराणाची चिठ्ठी आणलीत?" म्हणून परत पाठवते. आणि मीच धनत्रयोदशीला, १८ ऑक्टोबर २०२५ रोजी, लॅपटॉपसाठी ३९,००० रुपये मोजून, पक्क्या बिलाऐवजी 'एस्टिमेट' छापलेला कागद पर्समध्ये घालून घरी आले. वर त्या लॅपटॉपला हळदकुंकू लावलं.

जुना लॅपटॉप २०१६ चा. हळू चालायचा, पण चालायचा. प्रोसेसर सहाव्या पिढीचा, त्यामुळे विंडोज ११ त्यावर रीतसर चढत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला आणि त्या आठवड्यात ज्याला विचारावं तो घाबरवत होता. "ताई, आता यावर बँकेचं काम केलंत तर अकाउंट साफ होईल." मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेट ठेवलीत, नोंदणी केली की मिळतात, हे मला नंतर भाच्याकडून कळलं. म्हणजे घाई करायचीच नव्हती. एक वर्ष निवांत शोधता आलं असतं.

दुकान मेन रोडच्या आसपासच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर. नाव लिहीत नाही, वकिलांनी बजावलंय. इन्स्टावर जाहिरात दिसली: कंपनीची ऑर्डर रद्द झालेला लॉट, फ्रेश पीस, आय-५, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी (आतली वेगवान डिस्क), १ वर्ष वॉरंटी, ४२,५०० रुपये. कॉलेज रोडच्या शोरूममध्ये एवढ्याच रॅम-एसएसडीचा ५६,९९० ला बघून आले होते. हे असले लॉट कसे असतात ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही माहीत होतं. तरी गेले. सणाच्या दिवसांत चौदा हजार वाचतात म्हटल्यावर तुम्हीही जिना चढला असता, उगाच शहाणपण शिकवू नका.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून कानशिलं तापतात. मी विचारलं, इतका स्वस्त कसा? दुकानदार म्हणाला, "जीएसटी कमी झाला ना ताई २२ सप्टेंबरपासून, त्याचा फायदा आम्ही गिऱ्हाइकाला देतो." अहो, ३२ इंचांहून मोठे टीव्ही आणि एसी २८ वरून १८ वर आले. लॅपटॉप आधीपासून १८ टक्क्यांवर होता आणि १८ वरच राहिला! हे मला पाठ आहे. दोनच आठवड्यांपूर्वी एका क्लायंटला हेच तोंडी समजावून सांगितलं होतं. तो धडधडीत थाप मारत होता आणि मी मनात हसले. वाटलं, याला काही कळत नाही, आपल्याला कळतं, बोलू दे बिचाऱ्याला. त्याच क्षणी उठून जिना उतरायला हवा होता. मी खुर्ची पुढे ओढून बसले.

मग म्हणाला, पक्कं बिल हवं तर १८ टक्के वर लागतील. म्हणजे ७,६५०. अरे, मघाशी तर जीएसटीचा फायदा देत होतास! हेही लक्षात आलं. पण ७,६५० रुपये. घरातले दोन महिन्यांचे गॅस-वीज-दूध. हो, मोह झाला. नाशिकमध्ये एकटीलाच होतो असं नाही.

जुना लॅपटॉप ३,५०० ला एक्सचेंज, राहिले ३९,०००. १९,००० यूपीआयने, २०,००० रोख. स्कॅन केल्यावर दुकानाचं नाव न येता कुण्या भलत्याच माणसाचं आलं. "भावाचं खातं आहे, आमच्या मशीनला प्रॉब्लेम आहे." पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर दिसणारं नाव वाचा. मी वाचलं आणि पाठवले.

लॅपटॉप हातात घेतला तेव्हा खालच्या बाजूला बोट चिकटलं. पत्त्याच्या पानाएवढा चौकोन, डिंकाचा. दुकानातल्या पोराने लगेच फडक्याने पुसला, "शोकेसचा टॅग होता." कडेच्या दोन स्क्रूंची डोकी घासलेली होती. ई आणि ए या दोन बटणांना तेलकट चकाकी होती. हे सगळं मी बघितलं, पण मान्य केलं नाही.

महिनाभर काही कळलं नाही, कारण घरी मी चार्जर लावूनच काम करते. फटाफट उघडायचा. उघडणारच! आत नवी स्वस्तातली एसएसडी टाकली की जुनं यंत्रही पळतं, आणि आपण 'वा, स्पीड आहे' म्हणतो. २० नोव्हेंबरला, जीएसटी रिटर्न भरायची शेवटची तारीख, अंबडला एका क्लायंटच्या ऑफिसात बसले होते. दुपारी लाइट गेली. पूर्ण चार्ज असलेला लॅपटॉप अडतीस मिनिटांत बंद. त्यांचं रिटर्न मी मोबाइलचं हॉटस्पॉट आणि शेजारच्या कारखान्याचा कॉम्प्युटर वापरून भरलं. मालक काही बोलले नाहीत. न बोलण्याचंच जास्त लागतं.

रात्री भाच्याने टास्क मॅनेजर उघडला. आय-५ ८२६५यू. पहिला आकडा आठ, म्हणजे आठवी पिढी, २०१८ चा माल. "मावशी, नुसतं आय-५ कुणी विचारतं का? त्यापुढचे आकडे विचारायचे." बॅटरी रिपोर्ट काढला: मूळ क्षमता ४५,००० च्या वर, उरलेली १९,०००, ६४१ वेळा चार्ज झालेली. नवीन लॅपटॉप! बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, कुठल्याशा बेंगळुरूच्या कंपनीचा मालमत्ता क्रमांक तसाच होता. त्याच्याच स्टिकरचा तो डिंक होता. खोक्यावरचा सीरियल नंबर एक, यंत्रावरचा दुसरा. यंत्रावरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकला तर वॉरंटी मार्च २०२२ ला संपलेली. ही तपासणी दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत होते. खोक्यावरचा नाही, यंत्राचा नंबर टाकायचा. दुकानदार "नेट नाही" म्हणाला तर आपला मोबाइल काढायचा.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. मालक शांत. "ताई, मी नवीन कधी म्हणालो? फ्रेश म्हणालो. फ्रेश म्हणजे फ्रेश कंडिशन." आणि चिठ्ठीच्या मागे बारीक अक्षरांत: दुकानाची हमी ३० दिवस. मुदत १७ नोव्हेंबरला संपली होती. जाहिरातीतलं १ वर्ष कुठे गेलं विचारलं, तर म्हणे ती दुसऱ्या मॉडेलची. परत घ्यायला तयार होता, १८,००० ला.

पोलीस ठाण्याची कथा तर वेगळीच लिहावी लागेल. पहिल्या ठिकाणी दीड तास बसवून सांगितलं, हद्द आमची नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, साहेब बंदोबस्ताला गेलेत, सोमवारी या. सोमवारी गेले तर तेच साहेब चहा पीत म्हणाले, "बिल दाखवा." एस्टिमेट दाखवलं. ते हसले. हवालदारांनाही दाखवलं, तेही हसले. "मॅडम, तुम्ही टॅक्स चुकवायला गेलात आणि आता आमच्याकडे आलात." मी चुकले, कबूल. पण म्हणून जुना माल नवा म्हणून विकणं गुन्हा राहत नाही का? मग, "हा दिवाणी मामला आहे." मग, "सायबरला जा." १९३० या हेल्पलाइनला फोन केला तेव्हा कळलं की तो ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे, मी दुकानात जाऊन स्वतःच्या हाताने पैसे दिलेत. बँकेतही तेच: पिन तुम्हीच टाकलात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये माणूस तोंडाने म्हणतो हा जुना माल आहे, पण लिहून देत नाही, "आमच्यावर येईल." कुणावर येईल? माझ्यावर तर आधीच आलंय. चार चकरा, साडेसहाशेचं पेट्रोल, एक रजिस्टर नोटीस, आणि हातात काय, तर अर्जावर आवकचा गोल शिक्का.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतेय. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, दोन वर्षांच्या आत टाकावी लागते. धंद्यासाठी वस्तू घेणाऱ्याला ग्राहक धरत नाहीत, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी एकट्याने वापरत असाल तर धरतात. हा मुद्दा अर्जात लिहायला विसरू नका, समोरचा वकील पहिला तोच धरतो. जाहिरातीचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा, माझ्या बाबतीत त्यांनी ती पोस्ट उडवली. व्हॉट्सॲपवरचं 'फ्रेश सीलपॅक पीस आहे ताई' एवढं एक वाक्य माझ्याकडे उरलंय, तेवढ्यावर लढायचंय. आणि दुकानदाराचा जीएसटी नंबर घ्या, महाराष्ट्रात २७ ने सुरू होतो, पोर्टलवर टाका, नाव जुळतं का बघा. हे मी सांगतेय. मी.

एक गोष्ट अजून घरी कुणाला सांगितलेली नाही. जुना लॅपटॉप एक्सचेंजला देताना फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या, पण डिस्क काढून घेतली नाही. पोरगा म्हणाला, "फॉरमॅट मारतो ना ताई." मारला की नाही, देव जाणे. नुसत्या साध्या फॉरमॅटनंतर बऱ्याच फायली परत काढता येतात, असं भाचा म्हणतो. मागायला गेले तर म्हणे, तो पीस त्याच आठवड्यात गेला. त्यात सातही वर्कशॉपचे हिशेब, पॅन, पोर्टलचे पासवर्ड. काल सातही जणांना फोन करून पासवर्ड बदलायला लावले. अंबडवाल्यांनी कारण विचारलं. मी म्हणाले, सरकारचा नवीन नियम आलाय.